बिस्किटांचा डबा

माझ्या बापाने आणले ते.
बिस्किटांच्या डब्यातून, झाकणाला खिळ्याने भोकं पाडून,
फेरीबोटीत साडेपाच तास मांडीवर धरून.
चार होते. एक वाटेतच गारठला.
तीन उतरले.
त्या वर्षी कोबीवर गोगलगायी फार झाल्या होत्या,
एवढंच कारण.

लाखलन मॅकफी, पोस्टमन.
जन्मात कुणाचं पत्र उशिरा दिलं नाही त्याने.
तोही विसरला असेल
की या बेटावर झाड नाही, कोल्हा नाही, साप नाही,
म्हणून टिटवी अंडी उघड्यावर घालते,
चार, निमुळती टोकं आत वळवून.
म्हणतात, ती पाय वर करून झोपते,
आभाळ कोसळलं तर पेलायला.
आभाळ नाही कोसळलं.
डबा उघडला.

मग बाप गेला, आणि बऱ्याच वर्षांनी
माणसं आली वह्या घेऊन.
शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली.
‘उपद्रवी’ हा शब्द त्यांनी इतक्या हळू उच्चारला,
डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतो तसा.
फेरखर उठला, म्हणाला, मारा.
अंडी माझी नाहीत, पण माझ्या शेतावरचा तो आवाज
माझा आहे.
पाद्रीबाई रडल्या.
मुलांनी चित्रं काढली: सगळ्यांनी हेजहॉगच काढला,
हसरा, पाठीवर सफरचंद टोचलेलं.
टिटवी एकानेही काढली नाही.
तिला हसरी काढता येत नाही.

पत्रं माझ्याच हातून गेली. तेव्हा मी पोस्टात होते.
पोतीच्या पोती, मुख्य भूमीवरून.
एकावर पत्त्याच्या जागी फक्त ‘खुनी बेट’,
आणि तेही बिनचूक पोचलं.
एकात एका पोराने नाणं चिकटवलेलं,
त्यांच्या खाऊसाठी.

एप्रिलच्या रात्री माळावर दोन टोळ्यांचे टॉर्च फिरायचे.
एका टोळीकडे इंजेक्शन.
दुसरीकडे भाजीचे क्रेट, पेंढा, मांजराचं खाणं,
आणि जिवंत जनावरामागे वीस पौंड रोख.
त्या दुसरीला फेरखरने सात नेऊन दिले,
हातमोजे घालून, न हसता.
ट्रॅक्टरची बॅटरी आली त्यातून.

रात्री दोनला दोघेही माझ्याच दारात,
कारण दिवा फक्त माझाच होता.
इंजेक्शनवाला इनिस, क्रेटवाल्या डॅफ्नीबाई,
एकाच टेबलाशी, ओले बूट स्टोव्हकडे करून.
आधी गुडघ्यांविषयी बोलले. मग हवेविषयी.
मग बाई म्हणाल्या, आमच्याकडे उरलेच नाहीत हो,
त्यांना जाता यावं म्हणून लोक कुंपणाला भोकं ठेवतात.
इनिस म्हणाला, माझी आईसुद्धा
रात्री बशी ठेवते अंगणात.
आणि स्वतःच्या हाताकडे पाहत बसला,
जणू तो कुणी विसरून गेलेलं सामान असावा.

मी चहा ओतत होते.
पहिले कुणी आणले,
हे सभेत कुणी विचारलं नव्हतं, तेव्हाही कुणी विचारलं नाही.
‘कुणीतरी’ असंच छापलंय सगळीकडे.
डबा तिथेच, स्टोव्हवरच्या फळीवर.
हल्ली त्यात बटणं असतात.
इनिसने मान वर केली:
झाकणाला भोकं कशाला?
म्हटलं, बटणांनाही हवा लागते.
बाई हसल्या. तो नाही हसला.
बिस्किटं मी ताटलीत दिली होती.

सकाळी धुण्याला निघाले तर
कुंपणापलीकडे एक कवच, वरून फुटलेलं,
आत पिवळ्याची एक वाळलेली रेघ.
वाकून बघते तोच
टिटवी माझ्या डोक्यावर झेपावली,
एकदा, दोनदा, पंख कानाला घासून,
चोर, चोर म्हणावं तशी ओरडत.

मी हात वर केला नाही.
ओले कपडे कडेवर धरून उभी राहिले.
एवढ्या सभा झाल्या, एवढी पत्रं आली,
नाव विचारत
थेट माझ्यापर्यंत पोचली ती एकटीच.